मोजणी ऐकली

सर्जनबाईंना एक खोड होती. समोरचा माणूस काय दुखतंय ते सांगायला तोंड उघडतो न उघडतो तोच त्या विचारायच्या, काम काय करता, आणि करता कसं? पाववाल्याला त्या विचारत की पाव भाजला हे तुला रंगावरून कळतं की वासावरून. शिवणकाम करणाऱ्या बाईला विचारत की पायडल दोन्ही पायांनी मारता, मग दुखतो तो उजवाच गुडघा का. बाहेर बाकावर बसलेले पेशंट कंटाळून जात. बाईंकडे करंगळी दाखवायला जावं तर त्या सगळा जन्म विचारून घेतात, अशी त्यांची ख्याती होती. तरी गर्दी हटत नसे. एक तर त्या चाळीस खाटांच्या रुग्णालयात दुसरा सर्जन नव्हता, आणि दुसरं म्हणजे बाईंच्या हाताला यश होतं, हे त्यांच्यावर चिडलेली माणसंही कबूल करत.

उंची देताना मात्र देवाने हात आखडता घेतला होता. ऑपरेशनचं टेबल कितीही खाली घेतलं तरी बाईंच्या छातीशी यायचं, म्हणून वर्षानुवर्षं त्या दोन पालथ्या क्रेटवर उभ्या राहून पोटं उघडत आल्या होत्या. ही कसरत थांबवली एका सुताराने. वर्षापूर्वी बाईंनी त्याचं अपेंडिक्स काढलं होतं. तो खाटेवर पडलेला असताना बाईंनी त्याला रंधा आणि पटाशीबद्दल इतकं छळलं की शेवटी त्यानेही उलट विचारलं, तुम्ही काम करता कसं? क्रेटची गोष्ट ऐकून तो हसला नाही. सात महिन्यांनी वीतभर उंचीचं, रुंद, भक्कम स्टूल खांद्यावर घेऊन हजर झाला.

ते आत न्यायचं तर गाठ मोठ्या सिस्टरशी होती. ऑपरेशन थिएटर म्हणजे या सिस्टरचं राज्य. त्यांनी स्टूल उलटं केलं, खिळ्यांची डोकी पाहिली आणि सुताराला सांगितलं की हे रोज औषधाच्या पाण्याने पुसलं जाणार, खिळे गंजणार, लोखंड चालायचं नाही. बिचारा स्टूल घेऊन परत गेला. चार दिवसांनी एकही खिळा नसलेलं नवं स्टूल घेऊन आला, वर पॉलिशचे तीन हात. सिस्टरनी नखाने खरवडून पाहिलं आणि मगच आत घेतलं. त्याला आता पाच महिने झाले होते.

तर तोच सुतार एका सोमवारी सकाळी पोटाची उजवी बाजू दाबत, कमरेत वाकून बाईंच्या खोलीत आला. मागे त्याची बायको होती.

"बाई," तो म्हणाला, "तेच दुखतंय. तिथेच."

आता काढून टाकलेलं अपेंडिक्स परत दुखायला ते काही केस नव्हे, पुन्हा उगवायला. बाईंचे डोळे चमकले. दुसऱ्याच्या दुखण्याने डोळे चमकावेत हे बरं दिसत नाही, पण बाई तशाच होत्या. त्यांनी त्याला आडवं केलं आणि पोटावर हात ठेवला. जुन्या व्रणाच्या आतल्या बाजूला लिंबाएवढी कडक गाठ लागत होती. तीन आठवडे दुखत होतं, चार दिवस ताप होता. बाईंनी नेहमीचं सगळं विचारलं. काही लागलं होतं का, माशाचा काटा वगैरे गिळल्याचं आठवतं का, पूर्वी क्षय झाला होता का. सगळ्याला नाही.

एक गोष्ट बाईंच्या नजरेत भरली. सुतार बोलताना ओठांचा डावा कोपरा मिटलेलाच ठेवायचा आणि शब्द उजवीकडून सोडायचा. त्याबद्दल विचारणं अगदी जिभेवर आलं होतं. पण सोनोग्राफीवाले डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येत आणि ते निघायच्या बेतात होते, म्हणून बाईंनी आधी त्याला तिकडे पिटाळलं.

अर्ध्या तासाने सोनोग्राफीवाले स्वतःच चालत आले. पूची गाठ आहे, ते म्हणाले, आणि गाठीच्या आत काहीतरी आहे, जे माणसाच्या पोटात असायला नको. एक्स-रे काढला होता, त्यात काहीच नव्हतं. मग त्यांनी अगदी निरागसपणे विचारलं की मागचं ऑपरेशन कुणी केलं होतं.

"मी," बाई म्हणाल्या.

ते बरं म्हणून निघून गेले. बाईंच्या डोळ्यांतली चमक त्यांच्याबरोबरच गेली.

पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला गॉजचे तुकडे लागतात. रक्ताने भिजले की ते आतड्यांसारखेच दिसतात, म्हणून सुरुवातीला आत किती आणले आणि शेवटी बाहेर किती आले, हे मोजायचंच असतं. प्रत्येक तुकड्यात एक्स-रेत दिसणारा दोरा असतो, राहिलाच तर सापडावा म्हणून. पण गेल्या वर्षी एक महिना तो माल आलाच नव्हता आणि साध्या गॉजवर भागवलं होतं. बाईंनी जुनी फाइल मागवली. सुताराचं ऑपरेशन नेमकं त्याच महिन्यातलं निघालं.

फाइलीत मोठ्या सिस्टरच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, मोजणी बरोबर. खाली सही. त्याखाली, मोजणी ऐकली, आणि बाईंची सही.

हा सिस्टरचा स्वतःचा नियम होता, कुठल्या पुस्तकातला नव्हे. पोट बंद करायच्या आधी त्या मोठ्याने मोजत, शेवटचा आकडा सांगत, "मोजणी बरोबर" म्हणत. मग सर्जनने "ऐकली" म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय त्या सुईदोरा हातात देत नसत. त्यांचं म्हणणं असं की मोजणारा एकटा असला तर चुकतो, ऐकणारा असला तर चुकत नाही.

बाईंनी तो दिवस आठवून पाहिला. बाहेर अपघातातली तीन माणसं आल्याचा निरोप होता. मन तिकडे लागलं होतं. मागे सिस्टरचा आवाज चालू होता आणि आपण डोकंही वर न करता "ऐकली" म्हणून सुईदोऱ्यासाठी हात पुढे केला होता. आकडा काय होता? आठवेना. वर्षापूर्वीचं कसं आठवणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि मग कालपरवाच्या ऑपरेशनचा आकडा आठवून पाहिला. तोही आठवेना. अकरा वर्षं त्या रोज "ऐकली" म्हणत आल्या होत्या आणि एकही मोजणी त्यांनी ऐकली नव्हती.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते बाईंना त्या दुपारी कळलं. सुताराला दाखल करून त्याला औषधं सुरू केली, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं, पण ओठांच्या कोपऱ्याचं विचारायचं राहिलंच. खरं तर त्या दिवशी त्यांनी नंतर कुणालाच काही विचारलं नाही. एक पेशंट तर खोलीतून बाहेर येऊन म्हणाला, बाईंना बरं नाही वाटतं.

बाईंची आई त्यांच्याकडेच राहायची. लेकीने घरात पाऊल टाकलं की आईचा ठरलेला प्रश्न असे, "आज काय निघालं?" जणू लेक बाजारातून पिशवी भरून आणते. एरवी लेक हौसेने सांगायची, पित्ताशयातून सुपारीएवढा खडा निघाला, नाहीतर पोराच्या नाकातून मणी निघाला. त्या संध्याकाळी तिने चपला काढल्या आणि तिथेच दारापाशी बसून राहिली.

"निघायचंय उद्या," ती म्हणाली. "माझंच काहीतरी निघेल बहुतेक." आणि मग तिने सगळं सांगितलं.

आईने भाजी निवडायची थांबवली नाही. तशीच म्हणाली, "त्याला सांगितलंस?"

"नक्की कुठे आहे अजून? उघडल्यावर कळेल."

"उघडल्यावर त्यालाही कळेलच की. मग तू सांगितलंस त्याला काय किंमत?" आईने देठ बाजूला केले. "तू लहानपणी कपबशी फोडलीस की तुकडे गोळा करून मलाच आणून दाखवायचीस. म्हणून मार खाल्ला नाहीस कधी."

बाईंना रडू आलं. पन्नाशीच्या बाईला आईसमोर रडताना लाज वाटायचं कारण नाही, आणि त्यांना ती वाटलीही नाही.

सकाळी त्या थेट वॉर्डात गेल्या. सुतार उशीला टेकून बसला होता, बायको शेजारी. बाईंनी आडवळण घेतलं नाही. गाठीत काहीतरी आहे, त्या म्हणाल्या, आणि ते मागच्या वेळी माझ्या हातून राहिलेलं गॉज असू शकतं. तसं असेल तर चूक माझी. तुम्हाला मोठ्या रुग्णालयात जायचं असेल तर गाडी देते, चिठ्ठी देते, त्यात हेही लिहून देते. गाठ फुटायच्या आत पोहोचलं पाहिजे, एवढंच.

सुताराची बायको उभी राहिली. गाडी बोलवा, असंच तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. सुतार मात्र छताकडे बघत होता, जणू तिथे एखादा जोड नीट बसला नाहीये.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "माझी एकदा एका कपाटात पकड राहिली. दोन फळ्यांच्या मधे, आणि वरून मी पाठ बसवून टाकली. गिऱ्हाईक सहा महिने सांगत होतं, कपाट हलवलं की खुळखुळ वाजतं. मीच गेलो, मीच उघडलं. दुसऱ्याने उघडलं असतं तर कपाट कामातून गेलं असतं. जोड कुठे आहेत ते माझं मला माहीत." त्याने बायकोकडे पाहिलं. "हिने उघडलेलं आहे. हिलाच उघडू दे."

इतका वेळ बाईंना अहोजाहो करणारा माणूस बायकोशी बोलताना त्यांच्याबद्दल सरळ एकेरीवर आला होता, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. बायको हळूहळू खाली बसली. तिने एकच अट घातली. जे निघेल ते आम्हाला दाखवायचं, लपवायचं नाही. बाईंनी मान डोलावली.

वळून पाहतात तर औषधांची ट्रॉली घेऊन मोठ्या सिस्टर मागेच उभ्या होत्या. किती ऐकलं ते विचारायची गरज नव्हती. सिस्टरना निवृत्तीला चार महिने उरले होते.

"मॅडम," त्या अगदी हळू म्हणाल्या, "मोजणी माझी होती. सही माझी होती. त्यांना सांगायच्या आधी एकदा मला विचारायचं होतंत."

खरं ते असं होतं की सिस्टरना विचारायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं की मी ऐकलीच नव्हती. सुताराला चूक सांगायचं धैर्य झालं आणि घरातल्यासारख्या माणसापाशी मात्र तोंड शिवलं गेलं. असं होतं माणसाचं.

अकराच्या सुमारास भूलवाल्या डॉक्टरांनी सुताराला झोपवलं. एरवी ते थिएटरमध्ये विनोद सांगून सगळ्यांचा जीव नकोसा करत, आज तेही गप्प होते. बाई सुताराच्या स्टुलावर चढल्या. स्टूल जराही डगमगलं नाही.

जुन्या व्रणावरूनच त्या आत शिरल्या. पोटातला चरबीचा पडदा गाठीभोवती घट्ट गुंडाळला गेला होता. बाई तो बोटाने सोडवत गेल्या. पू आला, तो ओढून घेतला. आता हाताला कापड लागणार, मऊ, कुजलेलं, असं धरून त्यांनी बोट आत सरकवलं आणि त्या थबकल्या.

बोटाला टोचलं होतं.

गॉज टोचत नाही. बाईंनी पुन्हा बोट फिरवलं, अगदी सावकाश. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून काहीतरी टोकदार बाहेर आलेलं होतं. चोवीस तास निपचित पडलेलं त्यांचं कुतूहल एकदम उठून बसलं. "चिमटा," त्या म्हणाल्या, आणि आवाज त्यांचा नेहमीचा होता.

निघाली ती एक काडी. बोटाच्या दोन पेरांएवढी लांब, एका टोकाला निमुळती तासलेली, काळी पडलेली. सिस्टरनी वाटी पुढे केली. काडी वाटीत पडली तेव्हा टिंग असा आवाज झाला. भूलवाले डॉक्टर मान लांब करून म्हणाले, हा काय दात कोरायची काडी खाऊन आला की काय. कुणीतरी हसलं. सिस्टर हसल्या नाहीत. मास्कच्या वर दिसणारे त्यांचे डोळे भरले होते आणि हात स्वच्छ ठेवायचे असल्याने ते पुसता येत नव्हते.

बाईंनी आतड्याचा चार बोटं खराब तुकडा काढला, टोकं जोडली, पोट धुतलं. मग बंद करायची वेळ आली. सिस्टर मोजायला लागल्या. बाईंनी हातातलं सगळं खाली ठेवलं. दोन्ही हात चादरीवर टेकवले आणि सिस्टरकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सिस्टर एक क्षण अडखळल्या, मग पुन्हा एकपासून सुरू झाल्या. एकेक तुकडा सुटा करून, वर धरून.

"चोवीस," सिस्टर म्हणाल्या. "मोजणी बरोबर."

"चोवीस," बाई म्हणाल्या. "ऐकली. सिस्टर, आज पहिल्यांदा ऐकली. त्या दिवशी ऐकली नव्हती. त्याआधीही नाही."

सिस्टरनी सुईदोरा त्यांच्या हातात दिला. एवढंच म्हणाल्या की ठाऊक होतं मला, पण तुम्ही म्हणत तरी होतात.

दोन दिवसांनी सुतार टेकून बसण्याइतका सावरला. शब्द दिल्याप्रमाणे बाई काडीची बाटली घेऊन त्याच्याकडे गेल्या, सिस्टरनाही बरोबर घेतलं. काडी कसली ते दोघींना उमगलं नव्हतं आणि बाईंना त्या विचाराने झोप नव्हती. त्याच्या बायकोने बाटली आधी घेतली, उजेडात धरली, तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि मग कपाळाला आठी पडली. हे तर आपल्याकडचं आहे, ती म्हणाली.

सुताराने बाटली डोळ्यांजवळ नेली. टोकाचा तास पाहिला.

"बांबूची मेख," तो म्हणाला. "माझ्याच हातची."

बाईंनी मग तीन दिवस तुंबलेला प्रश्न विचारला, ओठांचा डावा कोपरा मिटून का बोलता. त्यावर सुतार गोंधळला. हे कुणी विचारायचं असतं का, अशा चेहऱ्याने त्याने सांगितलं की काम करताना दोन्ही हात गुंतलेले, मग खिळे ठेवणार कुठे? तोंडात. डाव्या गालाशी. तीस वर्षांची सवय, आता तोंडात काही नसलं तरी कोपरा मिटलेलाच राहतो. पण लोखंडाचा खिळा जिभेला कळतो, वजन असतं, चव असते. तो कधी गिळला जात नाही. बांबूला ना वजन ना चव. चहा येतो, आपण तसाच घोट घेतो.

"बांबूच्या मेखा नेहमी वापरता?" बाईंनी विचारलं.

"कोण वापरतं हल्ली? एकदाच तासल्या. ते..." सुतार बोलता बोलता थांबला. त्याने एकदा बाईंकडे, एकदा सिस्टरकडे पाहिलं. "लोखंड चालायचं नाही म्हणालात ना तुम्ही. आठ मेखा तासल्या होत्या. सात ठोकल्या, आठवी सापडेना. मला वाटलं भुशात पडली. मग घरात पडलेल्या दुसऱ्या बांबूच्या कांबीची एक नवी तासली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळशावर उभं राहून कळसा शोधला होता.

बाई आणि सिस्टर थिएटरकडे निघाल्या. दुपारची वेळ, आत कुणी नव्हतं. स्टूल टेबलाखाली सरकवलेलं होतं. बाईंनी ते उजेडात ओढलं आणि दोघी गुडघ्यांवर बसल्या. पाच महिने त्यावर उभं राहून बाईंनी कितीतरी माणसांची पोटं शिवली होती, पण पायाखाली काय आहे ते वाकून पाहिलं नव्हतं. चार पायांच्या वर, दोन-दोन करून, मुगाएवढे गोल ठिपके होते. सात एका रंगाचे. आठवा फिक्का, दुसऱ्या बांबूचा.

सिस्टरनी पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. सवयीने मोजायला लागल्या, मोठ्याने, एकपासून. आठपर्यंत आल्या आणि थांबल्या. त्यांचं बोट फिक्क्या ठिपक्यावर होतं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "लोखंड नको, हे मीच म्हणाले होते."

बाईंनी त्यांचा हात धरला. "आठ," त्या म्हणाल्या. "मोजणी बरोबर आहे, सिस्टर. मी ऐकली."